ऑक्टोबरपर्यंतचा आलेख

माझा भाऊ सप्टेंबरमध्ये, एका गुरुवारी गेला. मी तेव्हा इस्पितळाच्या खाली औषधांच्या दुकानात रांगेत होते. वहिनीचा फोन आला. "वर या," एवढंच ती म्हणाली. मी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि वर गेले.

तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान होता. मी डोंबिवलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवते. लग्न केलं नाही. तो, वहिनी आणि त्यांची मुलगी शहाडला राहायची, आमचे वडील कारखान्यात असताना त्यांनी घेतलेल्या दोन खोल्यांमध्ये. भाऊ पाणी खात्यात ठेक्यावर व्हॉल्व्हमन होता. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, लांब लोखंडी चावी आत उतरवायची आणि दोन्ही हातांनी फिरवून त्या वस्तीचं पाणी सोडायचं, ठरल्या वेळी बंद करायचं. लोक त्याला पाणीवाला म्हणायचे. कोणत्या व्हॉल्व्हला किती फेरे द्यायचे हे त्याला पाठ होतं. टेकडीवरच्या चाळींना दोन फेरे जास्त लागतात, बाजूच्या गल्लीला तेवढेच दिले तर जुनी लाइन फुटते, असं तो जेवताना सांगायचा. तेरा वर्षं हे काम केलं. कायम करणार, असं दर वर्षी ऐकायचा.

रक्तदाबाने त्याची मूत्रपिंडं खराब होत गेली. कळलं तेव्हा बराच उशीर झाला होता. रक्तात क्रिएटिनिन नावाचा एक टाकाऊ पदार्थ असतो. मूत्रपिंडं थकली की तो साचतो आणि त्याचा आकडा वाढतो. धडधाकट माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. एप्रिलपासून भाऊ दर महिन्याला कल्याणला रक्त द्यायचा. रिपोर्ट मोबाइलवर यायचा आणि तो लगेच मला पाठवायचा. खाली काही लिहायचा नाही. एप्रिलमध्ये ३.२, मेमध्ये ३.६, जूनमध्ये ४.३, जुलैमध्ये ४.९, ऑगस्टमध्ये ५.०.

ऑगस्टचा रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं ठाण्याला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी त्याला काट्यावर उभं केलं, वजन लिहिलं आणि म्हणाल्या, "आता फिस्टुला करून घ्या. डाव्या मनगटापाशी शीर धमनीला जोडायचं लहान ऑपरेशन आहे. पुढे डायलिसिस लागेल तेव्हा सुई त्या शिरेत घालायची. शीर तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून आधी करायचं."

"मग हा हात कामाचा राहील का, मॅडम?"

"जेवाल, गाडी चालवाल, सगळं कराल. पण या हाताने जोर लावायचा नाही, जड उचलायचं नाही."

त्याने मांडीवरच्या डाव्या हाताकडे पाहिलं. एका हाताने चावी फिरत नाही. आणि ठेक्यावरच्या माणसाला खुर्चीवरचं काम कोणी देत नाही.

मी विचारलं, "पण या महिन्यात आकडा जवळजवळ थांबलाय ना?"

"आकड्यावर जाऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "यांचं वजन चार किलोने उतरलंय. अंगातलं मांस कमी झालं की आकडाही कमी दिसतो. भूक कशी आहे ते बघा, सूज बघा." सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख त्यांनी कागदावर लिहून दिली.

हे सगळं मी ऐकलं होतं. त्यांनी सांगितलं नाही किंवा मला कळलं नाही, असं मी म्हणू शकत नाही.

स्टेशनला चालत निघालो. टेंभी नाक्यावर दहीहंडीच्या स्टेजचे बांबू उतरवत होते. भाऊ थोडा वेळ तिथे उभा राहिला. नारळपाण्याची गाडी होती.

"नारळपाणी बंद, टोमॅटो बंद, डाळ अर्धी वाटी," तो म्हणाला. "आता आकडेच खायचे राहिले."

"चल, उशीर होतोय."

"ताई, तू गणितवाली ना? मग तू सांग. चार पूर्णांक नऊवरून पाच. त्याच्या आधी किती उड्या मारत होता. दमला ना तो?"

"घरी जाऊन बघते," मी म्हटलं.

त्याला दहावीला गणित मीच शिकवलं होतं. पहिल्यांदा तो नापास झाला, ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला निघाला. आलेख काढताना तो ठिपके पट्टीने जोडायचा. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेघ. मी त्याच्या हातातली पट्टी काढून घ्यायचे. "अरे, वक्र आहे तो. हाताने काढ, वळण येऊ दे." तो म्हणायचा, "तू दोनच ठिपके दिलेस. मधे काय झालं ते तुला काय माहीत? तू होतीस का तिथे?" मी हसायचे आणि सांगायचे, समीकरणाला माहीत असतं. मी तेव्हा एमएस्सीला होते. घरातली पहिली पदवीधर. आमच्या घरात माझं गणित म्हणजे शेवटचा शब्द होता. वडील किराणावाल्याची बेरीजसुद्धा मला दाखवून घ्यायचे. भावाने मोटरसायकल कुठली घ्यायची हेही मला विचारूनच ठरवलं होतं.

त्या रविवारी सकाळी मी टेबलावर पाच आकडे ओळीने मांडले. लागोपाठच्या दोन आकड्यांमधला फरक खाली लिहिला. ०.४, ०.७, ०.६, ०.१. मग त्या फरकांचे फरक. ०.३, उणे ०.१, उणे ०.५. मग त्यांचे फरक. उणे ०.४ आणि पुन्हा उणे ०.४.

तिसऱ्या ओळीत दोन्ही आकडे सारखे आले होते. ज्याने गणित शिकवलेलं नाही त्याला यात काही वाटणार नाही. पण तिसरे फरक सारखे आले की ते आकडे एका त्रिघाती बहुपदीवर बसतात, म्हणजे ज्यात x चा मोठ्यात मोठा घात तीन असतो अशा समीकरणावर. कुठल्याही चार ठिपक्यांतून असा वक्र काढता येतो. पाचवा ठिपका मात्र त्याच्यावर आपणहून येऊन बसायला लागतो, आणि तो बसला होता. मी सगळे फरक पुन्हा एकदा काढून पाहिले. पॅथॉलॉजी लॅबचे आकडे दशांशाच्या एका स्थळापर्यंत तोडलेले असतात, त्यात आदल्या रात्रीच्या जेवणानेही फरक पडतो, दोन फरक सारखे येणं हा निव्वळ योगायोग असू शकतो, हे मी कोणत्याही विद्यार्थ्याला सांगितलं असतं. त्या दिवशी मला सांगणारं कोणी नव्हतं.

मी आलेखाचा कागद काढला. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर आकडे. पाच ठिपके दिले आणि वक्र काढला. तो चढत गेला, जुलै आणि ऑगस्टच्या मध्ये त्याचं शिखर आलं आणि ऑगस्टचा ठिपका शिखराच्या पलीकडे, उतरणीवर पडला. घन पदाचा सहगुणक ऋण होता. अशा वक्राचं उजवं टोक खालीच जातं, हे मी दर वर्षी फळ्यावर काढून दाखवते, हात तिरका करून, पोरं हसतात तरी. सप्टेंबरला ४.२ येत होते. ऑक्टोबरला २.१.

मग मी नोव्हेंबर काढला. तो आला उणे १.७.

रक्तातला कुठलाही पदार्थ शून्यापेक्षा कमी असू शकत नाही. वक्र ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या मध्ये अक्षाला छेदून खाली जात होता, आणि एवढ्यावरून त्या समीकरणाचा माझ्या भावाच्या मूत्रपिंडांशी काहीही संबंध नाही हे सिद्ध होत होतं. वेगळा पुरावा लागणार नव्हता. मी काही वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग कच्चा कागद फाडला आणि पक्क्या कागदावर वक्र ऑक्टोबरपर्यंत काढून थांबवला. अक्षाच्या टोकाला बाण काढायचा असतो, अक्ष पुढे चालू आहे असं दाखवायला. बाण नसेल तर मी मुलांचा अर्धा मार्क कापते. त्या कागदावर मी बाण काढला नाही.

हे मी का केलं, हा प्रश्न मला कोणी विचारायच्या आधी मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. मी त्याला फसवायला बसले नव्हते. मला तो वक्र हवा होता. पाच महिन्यांत मी त्याच्यासाठी काही करू शकले नव्हते. डॉक्टर औषध देत होत्या, वहिनी पथ्याचं रांधत होती, माझ्याकडे फक्त हे होतं. आणि ते सुंदर आलं होतं.

संध्याकाळी शहाडला गेले. भाऊ दुपारची पाळी संपवून आला होता, पाय बादलीत सोडून बसला होता. मी कागद त्याच्यासमोर धरला.

"हे काय गं?"

"तुझे आकडे आहेत. हा ऑगस्ट. बघ, इथून उतार लागला."

त्याने हात पुसले आणि कागद घेतला. बोटाने वक्रावरून पुढे गेला. "सप्टेंबरला चार पूर्णांक दोन. ऑक्टोबरला दोन." तो वहिनीला म्हणाला, "ए, इकडे ये. ताईने पुढचे पण रिपोर्ट काढले. लॅबवाल्यांचा धंदा बसला."

वहिनी ओट्याकडून आली, पदराला हात पुसत. "डॉक्टर काय म्हणाल्या पण? तारीख दिलीय ना त्यांनी?"

"डॉक्टरांनी वजन केलं. ताईने गणित केलं."

"ताई, तुम्हाला काय वाटतं?" वहिनीने मला विचारलं.

तिने विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, "एक महिना बघूया. तारीख काय, नंतरची मिळेल."

भाऊ अजून कागद बघत होता. "आणि पुढे? ऑक्टोबरनंतर?"

"कागद संपला," मी म्हटलं.

कागद संपला नव्हता. उजवीकडे चार बोटं जागा होती. त्याला ती दिसत असणार. तो पाण्याच्या टाकीची लेव्हल रोज वहीत भरणारा माणूस होता. पण त्याने कागद भिजू नये म्हणून वहिनीकडे दिला. दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांकडे फोन करून तारीख पुढे ढकलली आणि मला कळवलं, "सांगितलं त्यांना, नवरात्र झाल्यावर." तो बऱ्याच दिवसांनी मोकळं हसला होता. ते मला फोनवर ऐकू आलं.

सप्टेंबरमध्ये त्याने रक्त दिलं नाही. महिन्याच्या मध्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आहे ना आपल्याकडे, चार पूर्णांक दोन. कशाला सुया टोचून घ्यायच्या?" मी त्याला ओरडले, पण फार नाही. त्याने तो कागद भिंतीवर कॅलेंडरच्या खिळ्याला लावला होता आणि सप्टेंबरच्या ठिपक्याभोवती पेनाने गोल केला होता. ठिपका मी पेन्सिलीने काढला होता.

पुढच्या दहा दिवसांत त्याची भूक गेली. तोंडाला धातूची चव येते म्हणाला. पाय सुजायला लागले. वहिनीने दोनदा म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. त्याने कॅलेंडरकडे बोट दाखवलं. हे तिने मला नंतर सांगितलं.

सोमवारी सकाळी तो टेकडीच्या व्हॉल्व्हवर गेला. चावी आत उतरवली, अर्धे फेरे दिले आणि चेंबरच्या कडेला बसला तो उठलाच नाही. बरोबरच्या माणसाने आधी पाणी पूर्ण सोडलं, मग रिक्षा बोलावली. त्या माणसाला मी दोष देत नाही. टेकडीवर पाच-सहाशे घरं वाट बघत होती आणि त्याला वाटलं, ऊन लागलं असेल. कल्याणच्या इस्पितळात रक्त तपासलं. क्रिएटिनिन ११.८ होतं आणि पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदयाचे ठोके चुकत होते. हाताची शीर तयार नव्हती, म्हणून मानेतून नळी घातली. डायलिसिस सुरू केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, "ताई, आज पाणी कोणी सोडलं?" मी म्हटलं, "तुझ्या जोडीदाराने." "टेकडीला दोन फेरे जास्त दे म्हणावं." मी हो म्हटलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, म्हणजे बोलण्यासारखा राहिला नाही. गुरुवारी गेला.

पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाली, जलदान विधी झाला. भन्तेजींनी अनित्यतेवर सांगितलं. त्याच्या खात्यातली माणसं आली होती, मागे उभी होती, चपला हातात घेऊन. जोडीदार माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, तो आम्हाला तुमचा कागद दाखवायचा. मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता त्याने. म्हणायचा, माझ्या बहिणीने काढलंय, दिवाळीपर्यंत एकदम नॉर्मल." त्याने हे माझं सांत्वन म्हणून सांगितलं.

पंधरा दिवसांनी मी कॉलेजला गेले. अकरावीला पोर्शन तिथेच अडला होता. पॉलिनॉमिअल फंक्शन आणि त्यांचे ग्राफ. बदलीच्या सरांनी दुसरा चॅप्टर घेतला होता, हा मॅडमचा आवडता आहे म्हणून ठेवला होता. मी फळ्यावर अक्ष काढले. त्रिघाती वक्र काढला. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"मॅम, एक्साममध्ये एक्सची रेंज दिली असेल, तर तेवढाच काढायचा ना? पुढचा नाही काढला तर मार्क जातात?"

मागून एक मुलगा म्हणाला, "अगं, जेवढं मागितलंय तेवढं दे ना, जास्त शहाणपणा कशाला?" वर्ग हसला.

मी म्हटलं, "दिलेल्या रेंजमध्येच काढा. आणि रेंजच्या बाहेर वक्र कुठे जातो हे विचारलं नसेल तर सांगू नका." मग वाटलं, हेही बरोबर नाही. पण काय बरोबर आहे ते त्यांना कसं सांगायचं ते मला सुचेना. मी तास पूर्ण केला. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

त्या आठवड्यात मी एकदा भावाची फाइल चाळली. त्यात जानेवारीचा एक जुना रिपोर्ट होता, आम्ही ठाण्याच्या डॉक्टरांकडे जायच्या आधीचा. आकडा २.६. मी माझं समीकरण घेऊन डावीकडे मागे गेले. मार्च ३.५, फेब्रुवारी ४.९, जानेवारी ७.८. म्हणजे माझ्या वक्राप्रमाणे तो जानेवारीत मरणाच्या दारात होता आणि एप्रिलपर्यंत आपोआप बरा होत आला होता. हा कागद पूर्ण वेळ त्याच फाइलमध्ये होता. उजवीकडचं मला माहीत असून मी झाकलं. डावीकडे मी बघितलंच नाही.

हे वहिनीला सांगायचं मी ठरवलं. सांगून काय होणार हे मला माहीत नव्हतं. पण तिला वाटत होतं की गणित चुकलं, आणि गणित चुकू शकतं, माणूस आहे. तिने मला तसं एकदा म्हटलंही होतं, "जाऊ द्या ताई, तुम्ही चांगल्यासाठीच केलं." ते मला सहन होत नव्हतं.

रविवारी गेले. ती कपडे वाळत घालत होती. भाची क्लासला गेली होती. कॅलेंडरच्या खिळ्याला आता काही नव्हतं.

मी म्हटलं, "त्या कागदाबद्दल सांगायचं होतं."

"काढला मी तो."

"नोव्हेंबरमध्ये तो वक्र शून्याच्या खाली जात होता. मला दिसलं होतं. मी तेवढा भाग काढला नाही."

ती थांबली. हातात भाचीचा युनिफॉर्म होता. "शून्याच्या खाली म्हणजे?"

"म्हणजे ते खरं असूच शकत नव्हतं. सगळंच. ऑगस्टनंतरचं काहीच धरायचं नव्हतं."

"तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा? मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. तेव्हा माहीत होतं."

तिने युनिफॉर्म झटकला, दोरीवर टाकला, दोन चिमटे लावले. मग उरलेले कपडेही घातले. मी दारात उभी होते. शेवटी रिकामी बादली उचलून ती म्हणाली, "ते त्यांचा हात वाचवायला बघत होते. तुम्ही काय वाचवत होता?"

मी तो वक्र वाचवत होते, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. आत नळाला पाणी आलं होतं आणि ती भरायला गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मी चपला घातल्या. तिने मला थांबवलं नाही.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. वहिनी पोळीभाजी केंद्रात कामाला जाते. भाची दहावीला आहे. गणितात ती बरी आहे असं मला शेजारच्या बाईंकडून कळलं. तिला शिकवायला स्टेशनजवळचे एक सर आहेत. मी महिन्यातून एकदा शहाडला जाते. वहिनी दार उघडते, चहा करते, कपात ओतून माझ्यासमोर ठेवते. मी चहा पिते आणि परत येते.